भरून बघितल्याशिवाय नाही

सकाळी आठला रत्नागिरीतल्या माळनाक्यावरच्या दुकानाचं शटर वर केलं की मी आधी टेबलावरचा जुना लॅपटॉप बघतो. काल रात्री त्याला एक मेमरी कार्ड लावून गेलो होतो. कार्डावर 128 जीबी छापलेलं. गणपतीला आठ दिवस राहिलेत, गावोगाव जाखडी नाचाच्या तालमी चालू आहेत आणि शूटिंग करणाऱ्या एका पोराने अशी पाच कार्डं स्वस्तात आणलीत. वापरण्याआधी बघून द्या म्हणाला, त्याचं मला फार बरं वाटलं. बाकीचे शूटिंग गेल्यावर येतात.

स्क्रीनवर निकाल होता: डेटा ओके 29 जीबी, डेटा लॉस्ट 88 जीबी.

म्हणजे आतली चिप 32 जीबीची. कार्डात कंट्रोलर असतो, तो आपली क्षमता सांगतो. त्याच्यात खोटा आकडा भरला की कॅमेरा, मोबाइल, कॉम्प्युटर सगळे तोच खरा धरतात. फाइल कॉपी होते, तिचं नाव दिसतं, साइजही दिसते. पण 32च्या पुढचं एकतर कुठेच लिहिलं जात नाही, नाहीतर आधीच्यावरच लिहिलं जातं. म्हणून प्रॉपर्टीज उघडून किंवा फॉरमॅट मारून काही कळत नाही. काठोकाठ भरायचं आणि भरलेलं सगळं परत वाचून ताडायचं, हाच खात्रीचा उपाय. मी त्यासाठी एफ-थ्री वापरतो. ‘फाइट फ्लॅश फ्रॉड’ असं त्याचं पूर्ण नाव. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आहे. दोन्ही फुकट आहेत, फक्त वेळ खातात. सेकंदाला 10 एमबीने 128 जीबी लिहायलाच साडेतीन तास जातात, वाचायचे वेगळे.

आमच्याकडे परप्रांतातला आंबा पेटीत भरून वर ‘रत्नागिरी हापूस’ लिहायची तक्रार जुनी आहे. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण आंबा नाकाशी धरला तर जाणता माणूस लगेच सांगतो. कार्डाला वास नसतो.

दहाच्या सुमारास कॉलेजची एक मुलगी पेन ड्राइव्ह घेऊन आली. “दादा, 64चा घेतला नि 59च दाखवतंय. फसवलं ना मला?” तिला बसवून समजावलं. कंपनी हजाराच्या पटीने मोजते, विंडोज 1024च्या पटीने, 64चे 59.6 होतात. यात फसवणूक नाही. तरी तिचा ड्राइव्ह टेस्टला लावला. शंका आली की ती पुरती फेडून घ्यावी.

बारा वाजता पावसाला मरणाचा जोर. एक बागायतदार आले. गोदामातल्या कॅमेऱ्याचं कार्ड वर्षात दुसऱ्यांदा बाद झालं होतं. कार्ड नकली नव्हतं, कामाला चुकीचं होतं. साधा कॅमेरा दोन मेगाबिटने रेकॉर्डिंग करतो म्हटलं तरी दिवसाला साडेएकवीस जीबी होतात. 64चं कार्ड तीन दिवसांत भरतं आणि पुन्हा पहिल्यापासून पुसून लिहिलं जातं, पावसाळा असो की उन्हाळा. फ्लॅश मेमरी दर पुसण्याला थोडी झिजते. “हाय एन्ड्युरन्स लिहिलेलं घ्या काका, आणि मोठं घ्या. मोठ्या कार्डावर तीच झीज विभागली जाते.” क्लास 10, यू3 हे आकडे वेगाचे आहेत, टिकण्याचे नाहीत, हे पाकिटावर कुणी लिहीत नाही, म्हणून मी रोज दहादा सांगतो.

दीडला लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. जेवलो.

तीनला आलेली वस्तू मात्र जिव्हारी लागली. एका रिक्षावाल्याने मुलीच्या अभ्यासाला म्हणून ऑनलाइन ‘2 टीबी एसएसडी’ मागवली होती. हातात घेतली, चांगली जड लागली. डबी उघडली. आत एक छोटा कार्ड रीडर, त्यात नखाएवढं मेमरी कार्ड, वरून सगळ्यावर गोंद ओतलेला. आणि बाजूला, वजन यावं म्हणून चिकटवलेला लोखंडाचा तुकडा. तो माणूस त्या तुकड्याकडे बघत राहिला. परत पाठवायची मुदत उलटून गेली होती. मी फोटो काढून दिले आणि तक्रार कशी करायची ते लिहून दिलं. पैसे घेतले नाहीत.

पाचला भजनी बुवा आले. रुमालात गुंडाळलेला जुना पेन ड्राइव्ह. “गुरुजींचा आवाज हाय यात. सहा वरसां कपाटात व्हता. आता लागत नाय.” इथली हवा खारी; यूएसबीच्या चारही पट्ट्यांवर हिरवट पूड बसली होती. खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा. चौथ्या खेपेला ड्राइव्ह दिसला.

इथे घाई केली की सगळं घालवलं. विंडोज ‘फॉरमॅट करू का’ विचारतं, लोक हो म्हणतात. मी मूळ ड्राइव्हवर एक अक्षरही न लिहिता आधी डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमने त्याची जशीच्या तशी नक्कल घेतो. तोशिबाच्या फुजिओ मासुओकांनी 1980च्या दशकात शोधलेल्या या फ्लॅश मेमरीत माहिती म्हणजे कोंडलेला विद्युतभार. तो वर्षानुवर्षं हळूहळू झिरपतो, उष्णतेत जास्त. जुन्या महागड्या चिपमध्ये एका घरात एकच बिट असे. आता स्वस्तातल्या क्यूएलसीत चार बिट, म्हणजे एकाच वाटीतल्या पाण्याच्या सोळा पातळ्या ओळखायच्या. थोडं झिरपलं की पातळी चुकते. चिप अशी झिरपणारी, तरी पेन ड्राइव्ह कपाटात विसरलेला! लोक त्याला तिजोरी समजतात. तो पिशवी आहे, न्यायला-आणायला.

सव्वासातला नक्कल पुरी झाली. बावीस अभंगांपैकी वीस धड निघाले, एक मध्येच तुटतो, एक गेला. पहिला लावला. पेटीचा सूर, मग खोकला, मग आवाज. बुवांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि अभंग संपेपर्यंत कुणी काही बोललं नाही.

मी दोन नवे पेन ड्राइव्ह काढले, दोन्ही सकाळीच भरून तपासलेले.

“दोन कशाला रे बाबा?”

“एक घरी ठेवा. दुसरा, गणपतीला पुतण्या येईल ना, त्याच्याकडे मुंबईला द्या. आणि दर संकष्टीला लावून ऐका.”

“ता मी आयकनारच,” बुवा म्हणाले.

साडेआठला शूटिंगवाल्या पोराचं दुसरं कार्ड टेस्टला लावून शटर ओढलं.