इंजिनाला डिझेल पोचत नाही तेव्हा



कोकणपट्टीत एका सिलिंडरचे डिझेल इंजिन दोन ठिकाणी भेटते. माडा-पोफळीच्या बागेत ते पंपाला जोडलेले असते, आणि खाडीत होडीच्या पंख्याला. थंड ठेवण्याची व्यवस्था दोन्हीकडे निराळी, पण टाकीतून नोझलपर्यंत डिझेल ज्या वाटेने जाते ती वाट जवळजवळ सारखीच. बागेत इंजिन बंद पडले तर पाण्याची एक पाळी चुकते. ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी, लाटा फुटतात तिथे बंद पडले, तर गोष्ट जिवावर येते. म्हणून ही वाट किनाऱ्यावर बसून, हातात पाना घेऊन एकदा नीट ओळखून ठेवावी.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या वर येताना हवा दाबली जाते आणि ती इतकी तापते की डिझेलचा फवारा पडताच पेट घेतो. हा फवारा मारायला लहान इंजिनातही दर चौरस सेंटिमीटरला साधारण २०० किलोचा दाब लागतो. तो दाब फ्युएल पंप तयार करतो. डिझेल दाबले तरी आक्रसत नाही, म्हणून दाब सरळ नोझलपर्यंत पोचतो. पण मध्ये हवेचा बुडबुडा असला तर काय होतं? पंप मारतो तेव्हा बुडबुडा नुसता आक्रसतो, पंप मागे आला की फुगतो. नोझल उघडतच नाही. यालाच मिस्त्री लोक ‘इंजिनाने एअर धरली’ म्हणतात.

आता इंजिन बंद पडले कसे ते आठवा. हिसका बसून थांबले आणि हाताने फिरत नाही, तर तो डिझेलचा दोष नव्हे; जोर न करता मिस्त्रीला बोलवा. मात्र आधी वेग कमी-जास्त होऊ लागला, मग हळूहळू दम तुटल्यासारखे थांबले, तर बहुतेक वेळा डिझेलचीच अडचण असते. खात्री करायला डीकॉम्प्रेशन लिव्हर उचलून हँडल मारा आणि कान द्या. नोझल फवारा मारत असेल तर प्रत्येक वेळी ‘कर्र’ असा बारीक आवाज येतो, आणि मग इंजिन चालू झाले नाही तरी धुराड्यातून पांढरट धूर दिसतो. आवाज नाही, धूर नाही, म्हणजे डिझेल वर पोचलेलेच नाही. (बंद करायचा दांडा चुकून बंदच राहिलेला नाही ना, हेही बघा. हसू नका, यासाठी मिस्त्रीला दोन कोस चालवत आणणारे पुष्कळ आहेत.)

शोध नेहमी टाकीपासून सुरू करावा. आपल्याकडे उलटी रीत आहे, आधी नोझल खोलायचे. टाकीत डिझेल आहे, कॉक उघडा आहे, एवढे पाहिल्यावर टाकीचे झाकण सैल करून बघा. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते. ते बुजले की डिझेल जितके खाली जाईल तितकी टाकीत ओढ तयार होते आणि शेवटी डिझेल उतरायचे थांबते. झाकण सैल केल्यावर इंजिनाने पुन्हा दम धरला तर दोष सापडला. होडीत हे भोक मिठाने आणि ग्रीसने बुजते. बागेतल्या इंजिनावर कुंभारीण माशी तिथे मातीचे घर करते. काडीने साफ केले की काम झाले.

मग फिल्टरला येणारी नळी सोडवा आणि खाली भांडे धरा. टाकी उंचावर असेल तर सलग धार पडली पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर कॉक, त्यामागची जाळी किंवा मुरगळलेली नळी, यांपैकी काही तुंबले आहे. धार नीट असेल तर पुढे फिल्टर. त्याच्या तळाचा स्क्रू सोडून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि पाच मिनिटे ठेवा. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसते. वर डिझेल, खाली पाणी आणि मध्ये काळसर चिकट गाळ दिसला, तर नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकीच रिकामी करून धुवावी लागेल. तो गाळ डिझेल आणि पाणी जिथे मिळतात तिथे वाढणाऱ्या सूक्ष्म जंतूंचा असतो. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा घालू नये. धुताना कागद फाटतो आणि कचरा सरळ पंपात जातो.

होडीची एक गोष्ट मुद्दाम सांगायची. बऱ्याच होड्यांत टाकी इंजिनाच्या खाली असते आणि फीड पंप डिझेल वर ओढून घेतो. वरच्या टाकीचा सांधा ढिला झाला तर डिझेल गळते, ते डोळ्यांना दिसते. खालून ओढणाऱ्या नळीचा सांधा ढिला झाला तर काहीच गळत नाही, उलट तो हवा आत घेतो. नळी कोरडी ठणठणीत दिसते आणि इंजिन मात्र पुन्हा पुन्हा एअर धरते. एअर काढली, तासाभराने परत तेच, असे झाले तर एअर काढत बसू नका. एकेका सांध्यावर ग्रीसचा जाड थर द्या आणि इंजिन चालवून बघा. ज्या सांध्याला ग्रीस लावल्यावर ते सुधारते, तोच दोषी. तिथला तांब्याचा वॉशर बदला. नवा नसेल तर जुना लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. तांबे मऊ होते आणि पुन्हा नीट बसते.

शांत पाण्यात चाललेले इंजिन नेमके लाटांत का थांबते, याचेही कारण टाकीतच आहे. होडी हलू लागली की तळाचा गाळ आणि पाणी ढवळून फिल्टरकडे जाते. डिझेल कमी असेल तर ते एका बाजूला झुकते आणि नळीचे तोंड उघडे पडून हवा आत जाते. तेव्हा खाडीबाहेर निघताना टाकी भरलेली हवी. इंजिन थांबलेच तर आधी नांगर टाका, पाना मग उचला.

एअर काढायची ती टाकीकडून पुढे. प्रथम फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, फेस संपून स्वच्छ डिझेल येऊ लागले की धार चालू असतानाच आवळा. मग पंपावरचा स्क्रू तसाच. शेवटी पोलादी नळीचे नोझलकडचे नट अर्धा फेरा सैल करून हँडल मारा, डिझेल आले की आवळून टाका. हे करताना तोंड आणि हात दूर ठेवा. नोझल बाहेर काढून फवारा तळहातावर झेलून बघायची सवय अत्यंत वाईट. एवढ्या दाबाचा फवारा कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही, पण आत गेलेले डिझेल मांस नासवते आणि बोट किंवा हात गमवायची वेळ येते. असे झाले तर घरगुती उपाय न करता त्याच घटकेला इस्पितळ गाठा.

एवढे करूनही ‘कर्र’ आवाज आला नाही, तर पंप आणि नोझल यांना हात लावू नका. पंपातल्या दांड्यात आणि त्याच्या नळकांड्यात मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी इतकीच फट असते. उघड्यावर, घामेजल्या हातांनी ते खोलले की कामातून गेले. नोझलच्या भोकात टाचणी घालणे तर नकोच. दोन्ही वस्तू फडक्यात बांधून, दाब मोजायचे यंत्र असलेल्या दुकानात न्याव्यात. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा मोहही इथेच नडतो. पंपाला वंगण डिझेलचेच असते, आणि रॉकेल त्या मानाने कोरडे.

पावसाळ्यात बागेतले इंजिन ताडपत्रीखाली जाते. यंत्रचलित नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, त्यामुळे होडीही ओढून ठेवलेली असते. या दिवसांत अर्ध्या टाकीतल्या दमट हवेचे पाणी होऊन तळाला साचते. इंजिन ठेवताना टाकी गळ्यापर्यंत भरावी आणि काढताना पहिले अर्धे शेर तळातून सोडून द्यावे. रोजच्या कामातही टाकी सकाळी भरण्याऐवजी संध्याकाळी भरा. डिझेलचा डबा जस्ताचा मुलामा दिलेला नको, जस्त डिझेलशी मिळून चिकट साका करते. पिंपातून डिझेल ओढताना नळी तळापासून चार बोटे वर ठेवा, आणि नरसाळ्यावर तलम, सूत न सुटणारे कापड बांधा. होडीत एक जादा फिल्टर, मूठभर वॉशर आणि मापाचे दोन पाने डब्यात बंद करून ठेवा.