खाडी ओलांडावी कशी?

प्रवासापेक्षा प्रवासाच्या आधीचा वादच अधिक रंगतो, असा माझा अनुभव आहे. प्रवास चार दिवसांत आटोपतो. वाद पुष्कळ दिवस पुरतो. २०२४ च्या सप्टेंबरात आम्ही उभयता लंडनला चिरंजीवांकडे होतो. तिथून चार दिवस पॅरिसला जाऊन यावे असे ठरले. जाण्याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. विमानाने जावे, आगगाडीने जावे की बोटीने, एवढाच काय तो प्रश्न. पण त्यासाठी आठवडाभर रोज रात्री जेवणे झाली की आमची बैठक भरत होती.

चिरंजीवांचा कल विमानाकडे, सूनबाईंचा आगगाडीकडे आणि माझा बोटीकडे. सौभाग्यवतींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन दोन वर्षे झाली होती. तिने एकच अट घातली. "जिने कमी असतील तिकडून न्या, म्हणजे झालं."

माझ्या हट्टाला एक जुने कारण होते. माझे वडील १९३४ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर विलायतेस गेले. आपल्या संस्थानात ती परंपराच होती. १९१३ साली डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. त्या काळी मुंबईहून निघालेले पुष्कळ प्रवासी मार्सेयला उतरत, आगगाडीने फ्रान्स ओलांडून कॅलेला येत आणि तेथून बोटीने डोव्हर गाठीत. वडील नेहमी सांगत, की मुंबई ते मार्सेय पोटातले पाणी हलले नाही, पण इंग्लिश खाडीच्या दीड तासाने सगळे व्याज वसूल केले. त्या ओकाऱ्यांतून मान वर केली तेव्हा समोर क्षितिजावर पांढरी रेघ दिसली. रेघेची भिंत झाली. भिंतीचे कडे झाले. परत आल्यावर आजीने प्रायश्चित्त घ्यायला लावले, त्याविषयी ते कधी बोलत नसत. कड्यांविषयी मात्र शेवटपर्यंत बोलत. ते कडे आपण एकदा पाहावेत, तेही बोटीवरूनच, असे माझ्या मनात फार वर्षे होते.

परंतु चार दिवसांच्या प्रवासात भावनेपेक्षा हिशेब मोठा. सूनबाईंनी कागद-पेन्सिल घेऊन तो मांडला. लंडन ते पॅरिस सरळ रेषेत सुमारे ३४० किलोमीटर. विमान हे अंतर सव्वा तासात तोडते, म्हणून ते सर्वांत वेगवान असे आपण धरून चालतो. पण विमान घरातून उडत नाही. हीथ्रोचा विमानतळ लंडनच्या मध्यापासून वीस किलोमीटरांहून अधिक पश्चिमेला, तिथे दोन तास आधी पोचायचे, सामान तोलायचे. पॅरिसचा शार्ल द गोल विमानतळ त्या शहराच्या मध्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटर दूर. तिथे पारपत्रासाठी रांग, सामानासाठी ताटकळणे आणि पुन्हा शहरात जायला गाडी. बेरीज सहा तासांच्या वर गेली.

आगगाडी सेंट पँक्रस स्थानकावरून सुटते. ते लंडनच्या पोटात आहे, आणि पॅरिसचे गार द्यु नोर स्थानकही तसेच शहरात आहे. गाडीचा वेळ सुमारे सव्वादोन तास. दीड तास आधी जायचे, कारण सामानाची तपासणी आणि दोन्ही देशांचे पारपत्रांचे सोपस्कार लंडनलाच उरकतात. पॅरिसला उतरले की थेट रस्त्यावर. बेरीज साडेचार तास, आणि पाण्याच्या बाटलीलाही कोणी अडवीत नाही. मात्र तिकीट आयत्या वेळी काढले तर विमानापेक्षा महाग पडू शकते.

राहिली बोट. लंडनहून डोव्हरपर्यंत तासाभराची गाडी, मग बंदर, मग दीड तासाची खाडी, मग कॅलेहून पुन्हा आगगाडी. डोव्हर-कॅलेच्या बोटी मुख्यतः मोटारी आणि मालट्रकांसाठी असतात; घोघ्याहून हजिऱ्याला २०२० पासून जी बोट जाते, तिचीच ही कितीतरी मोठी बहीण समजावी. पायी येणाऱ्या प्रवाशांना काही ठरावीक फेऱ्यांतच घेतात. बेरीज करण्याचे सूनबाईंनी टाळले. "बाबा, अख्खा दिवस," एवढेच लिहून कागद माझ्याकडे सरकवला.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी इथेच सांगतो. इंग्लंडचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही. आपल्या पारपत्रावर युरोपचा शेंगेन व्हिसा निराळा लागतो, आणि परत येण्यासाठी इंग्लंडचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा व मुदतीतला असावा लागतो. वाहन कोणतेही घ्या, यातून सुटका नाही. दुसरी गोष्ट, इंग्लंडहून फ्रान्सला जाताना दुधाचे व मांसाचे पदार्थ बरोबर नेता येत नाहीत. बडोद्याहून लंडनपर्यंत सुखरूप आलेले पेढे आम्हांला तिथेच ठेवावे लागले. चिवडा तेवढा आला.

अखेर तडजोड झाली. जाताना आगगाडी, येताना बोट.

या आगगाडीची हकीकत विलक्षण आहे. खाडीखालून रस्ता न्यावा अशी योजना आल्बेर मात्यू नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १८०२ सालीच मांडली होती. १८८० नंतर दोन्ही किनाऱ्यांवर खोदाईला आरंभही झाला; पण भुयारातून शत्रूचे सैन्य येईल या धास्तीने इंग्रजांनी १८८२ साली काम थांबवले. मग शंभर वर्षे बोटींचीच सत्ता. १९३६ पासून १९८० पर्यंत एक अशी रात्रगाडी होती, की तिचे झोपण्याचे डबेच्या डबे बोटीवर चढवीत, आणि लंडनला अंथरुणावर पडलेला मनुष्य समुद्र ओलांडून पॅरिसला जागा होई. खरे काम १९८८ मध्ये सुरू झाले. १ डिसेंबर १९९० रोजी दोन्ही बाजूंचे मजूर समुद्राखाली एकमेकांना भेटले, आणि ६ मे १९९४ रोजी भुयाराचे उद्घाटन झाले. लांबी सुमारे ५० किलोमीटर, त्यांतील ३८ समुद्राखाली. सर्वांत खोल जागी ते समुद्रतळाच्याही ७५ मीटर खाली जाते. आगगाड्यांसाठी दोन बोगदे आणि मधोमध देखभालीचा तिसरा.

हे सारे मी सौभाग्यवतीला मोठ्या उत्साहाने सांगत होतो. तेवढ्यात खिडकी काळी झाली. वीसेक मिनिटे काळीच राहिली. मग उजेड आला, हिरवी शेते दिसू लागली, आणि ती म्हणाली, "समुद्र कधी येणार?" समुद्र होऊन गेला होता. जिना मात्र एकही चढावा लागला नव्हता.

पॅरिसविषयी इथे लिहीत नाही; त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. परतीच्या दिवशी सकाळी आम्ही कॅलेला आलो. बंदरावर इंग्रज आणि फ्रेंच दोघांचेही अधिकारी पारपत्र पाहतात. मग एका बसने पायी प्रवाशांना बोटीपर्यंत नेतात. त्या दिवशी बोटीला दीड तास उशीर झाला. का, ते कोणी सांगितले नाही. आम्ही पत्र्याच्या खुर्च्यांवर बसून उरलेला चिवडा संपवला. माझ्या जिवाला घोर लागला होता, कारण गुडघ्यावर हात ठेवून ती गप्प बसली होती, आणि हा हट्ट माझा होता.

बोट निघाली. समुद्र त्या दिवशी शांत होता. वडिलांच्या वाट्याला आलेला प्रसाद आम्हांला मिळाला नाही. ती खाली काचेजवळ बसली आणि मी एकटाच वरच्या डेकवर गेलो. वारा असा की टोपी हातात धरावी लागली. अर्ध्या वाटेवर समोर रेघ दिसली. पांढरी, बारीक, कोणी पाटीवर पेन्सिलीने ओढावी तशी. पाहता पाहता ती जाड झाली.

ते कडे खडूचे आहेत. त्याच खडूचा खालचा, मातीमिश्रित थर समुद्रतळाखालून थेट फ्रान्सपर्यंत गेला आहे. तो मऊ असल्याने खणायला सोपा आणि पाणी आत न येऊ देणारा. भुयार खोदले ते मुख्यतः त्याच थरातून. म्हणजे जाताना आम्ही ज्याच्या पोटातून गेलो, त्याचेच हे वर आलेले अंग. हे मनाशी जुळवीत उभा होतो, तोच मागे पावले वाजली. कठड्याला धरून, एकेक पायरी मोजीत ती वर आली होती.

"सव्वीस पायऱ्या," ती म्हणाली. मग बराच वेळ समोर पाहत राहिली. "मामंजी सांगायचे ते खरंच की हो. मला वाटायचं, आजारपणात काहीतरी बोलतात."

वडिलांच्या शेवटच्या वर्षात त्यांच्या उशाशी अधिक वेळ तीच बसलेली असे. कड्यांची गोष्ट त्यांनी माझ्यापेक्षा तिलाच जास्त वेळा सांगितली असली पाहिजे, हे तोवर माझ्या ध्यानातच आले नव्हते.

डोव्हरला उतरलो तेव्हा ठरलेली गाडी निघून गेली होती. बंदरापासून स्थानक लांब. टॅक्सी मिळण्यात आणखी वेळ गेला. घरी पोचायला रात्रीचे दहा वाजले. गुडघा सुजला, आणि पुढचे दोन दिवस तिने बिछान्यावर काढले. सूनबाई काही बोलल्या नाहीत, पण तो हिशेबाचा कागद जेवणाच्या टेबलावर तसाच होता.

तेव्हा कोणी विचारलेच तर माझे उत्तर असे. दिवस थोडे असतील, बरोबर वयस्कर माणूस असेल, तर आगगाडी घ्यावी. विमान त्यांनी घ्यावे, ज्यांचे घर विमानतळाजवळ आहे किंवा ज्यांना पुढे दुसरे विमान पकडायचे आहे. बोट घ्यायची तर दिवसाउजेडी घ्यावी, आणि त्या दिवशी दुसरे कोणतेही काम ठेवू नये.

तिसऱ्या दिवशी तिला बरे वाटल्यावर मी भीतभीतच विचारले, की पुन्हा जायचे झाले तर कसे जायचे?

"गाडीने," ती म्हणाली. मग थोडे थांबून, "पण येताना बोटच बघा. लिफ्ट असलेली."