माथेरानचे वाफेचे इंजिन

आमच्या पाथर्डीला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर पन्नासेक किलोमीटरवरचे अहिल्यानगर गाठावे लागते. म्हणून गेल्या वर्षी महाविद्यालयाची सहल माथेरानला निघाली, तेव्हा आम्ही निम्मेअधिक विद्यार्थी डोंगरापेक्षा गाडीसाठीच उतावीळ झालो होतो.

नेरळला एक जुने वाफेचे इंजिन जतन करून ठेवले आहे. सगळ्यांनी त्याच्यासमोर फोटो काढले. मी मात्र चाकांकडे पाहत राहिलो. एवढेसे हे यंत्र डोंगर चढत कसे असेल?

पुण्याच्या पेशवे उद्यानात १९५६ साली सुरू झालेली ‘फुलराणी’ सपाट बागेत फेऱ्या मारते. माथेरानची गाडीही हौसेचीच, पण तिचे काम अवघड. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात सुमारे १६ लाख रुपये खर्चून हा मार्ग बांधला. लांबी सुमारे २१ किलोमीटर आणि दोन रुळांतील अंतर केवळ दोन फूट. काही ठिकाणी वीस फूट पुढे जाताना गाडी एक फूट वर चढते. शिवाय वळणे अशी, की पुढचा डबा खिडकीतून शेजारी दिसावा!

या मार्गासाठी जर्मनीच्या ऑरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून चार इंजिने आली. भट्टीतील तप्त वायू नळ्यांमधून जातात, भोवतीचे पाणी उकळते, वाफ सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते आणि दांड्यांमार्फत चाके फिरतात. इथवर बहुतेक वाफेची इंजिने सारखीच. खरी अडचण वळणाची. बैलगाडीची दोन चाके आसावर स्वतंत्र फिरतात. रेल्वेची चाके आसाला घट्ट बसवलेली असतात. तीन आस एका ओळीत ताठ ठेवले, तर इंजिन वळणावर अडेल. म्हणून या इंजिनांना क्लिएन-लिंडनर पद्धतीचे आस होते. पहिला आणि शेवटचा आस पोकळ. त्याच्या आत दुसरा आस, आणि दोहोंना जोडणारा गोल सांधा. त्यामुळे चाके फिरता फिरता थोडी बाजूला सरकत आणि इंजिन वळण घेई.

१९५० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने आली आणि १९८२ साली वाफेची इंजिने निवृत्त झाली. त्यांतले एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक तर ब्रिटनमध्ये गेले. पुढे दार्जिलिंगचे ७९४ क्रमांकाचे इंजिन माथेरानसाठी आणले गेले आणि कोळशाऐवजी तेलावर चालेल असे करण्यात आले.

मग जतन म्हणजे नेमके काय? उभ्या इंजिनाला रंग दिला की बाहेरून ते नवे दिसते. पण आतील नळ्यांचा गंज रंगाने जात नाही. चालते ठेवायचे, तर बॉयलर धुवावा लागतो, पाण्यातील क्षारांचा थर काढावा लागतो, दाबाची चाचणी घ्यावी लागते. आणि भट्टीत किती जाळ कधी हवा, हे जाणणारा माणूस लागतो. तो माणूस चौथऱ्यावर ठेवता येत नाही. त्याची विद्या दुसऱ्याने शिकली तरच उरते.

घरी येऊन मी हे सारे वडिलांना सांगितले. त्यांनी अनेक वर्षे ऊसतोडीला जाऊन साखर कारखान्याचे बॉयलर पाहिलेले. ते एवढेच म्हणाले, “उभं राहिलेलं इंजिन लवकर मरतं, बाळा.”

आमच्या विहिरीवर आजोबांनी घेतलेले ऑइल इंजिन आहे. विजेची मोटर आल्यापासून ते झाकून ठेवलेले. ते भंगारात घालावे आणि त्या पैशातून माझी परीक्षा फी भरावी, असा आग्रह घरात मीच धरला होता. वडील नाही म्हणत नव्हते. फक्त दर दसऱ्याला पूजेआधी ते एकदा चालू करत.

या दसऱ्याला हँडल मी मागून घेतले. पहिल्या तीन वेळा ते उलटे बसले आणि मनगट दुखावले. चौथ्यांदा वडिलांनी माझा अंगठा हँडलवरून काढून बोटांच्या बाजूला ठेवला, म्हणाले, “आता फिरव.” इंजिन धडधडू लागले.

फीची सोय अजून व्हायची आहे. पण भंगारवाल्याला मी नको म्हणून सांगितले आहे.