खराब नाण्यांचा हिशेब

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. नांदेडच्या सराफ्यात ओळखीच्या एका पेढीवर मोडीची चांदी घेऊन एक फिरता व्यापारी आला होता. त्याच्याकडे फडक्याच्या पुरचुंडीत करंगळीच्या नखापेक्षा थोडी मोठी, वेडीवाकडी चांदीची नाणी होती. मला जुन्या नाण्यांचा नाद आहे हे सोनाराला ठाऊक होते, म्हणून त्याने मुदखेडला निरोप धाडला. मी धावत गेलो. पुरचुंडी सोडली तर प्रत्येक नाण्यावर उजवीकडे पाहणारा माणसाचा चेहरा आणि कडेने ग्रीक अक्षरे. माझा आनंद गगनात मावेना. अलेक्झांडरची, अथेन्सच्या घुबडाची नाणी मी तोवर केवळ पुस्तकातल्या चित्रांत पाहिली होती.

मी निवडायला बसलो. ज्यांच्यावर चेहरा स्वच्छ होता अशी सात नाणी वेगळी काढली. उरलेल्या बहुतेकांवर कोणीतरी दुसराच ठसा हाणलेला होता. कुणाच्या नाकावर टेकडीसारखी आकृती, कुणाच्या गालावर नागमोडी रेघ. "ही खराब आहेत," असे म्हणून मी ती परत केली. किती होती ते मोजले नाही. कुठे सापडली, असे विचारल्यावर "नाशिककडची" एवढेच उत्तर मिळाले आणि तेवढ्यावर माझे समाधान झाले. खराब नाणी त्याच दिवशी सोनाराच्या मुशीत गेली.

खरा इतिहास त्या मुशीत गेलेल्या नाण्यांवर होता, हे कळायला मला पुढे सहा-सात वर्षे लागली. हा लेख त्या चुकीचा हिशेब आहे.

मूठभर चांदी

ग्रीक चांदीच्या नाण्याचे मूळ एकक द्रख्म. या शब्दाचा मूळ अर्थ 'मूठभर' असा सांगतात. नाणी येण्यापूर्वी लोखंडी सळया चलनासारख्या वापरत. सहा सळयांची एक मूठ म्हणजे एक द्रख्म. अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणीतून चांदी निघू लागली आणि इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात अथेन्सचे चार द्रख्मांचे, सुमारे १७ ग्रॅमचे नाणे भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने चालू लागले. एका बाजूला अथेना देवी, दुसऱ्या बाजूला तिचे घुबड. पुढे अलेक्झांडरने सिंहाचे कातडे पांघरलेला हेराक्लीस आणि आसनस्थ झ्यूस आणला. त्याच्या मागून आलेल्या राजांनी देवाच्या जागी स्वतःचा चेहरा कोरला. नाण्यावर जिवंत राजाचा चेहरा हा प्रकार आपल्याकडे त्यांच्यामुळे आला. त्याआधीच्या आपल्या आहत नाण्यांवर सूर्य, झाड, टेकडी, प्राणी अशी चिन्हे असत. माणूस क्वचित, आणि नाव तर नाहीच.

हिंदुकुश ओलांडून आलेल्या ग्रीक राजांनी दोन बदल केले. नाण्याचे वजन इथल्या व्यवहाराला जुळेल असे घटवले, त्यामुळे त्यांचा द्रख्म अडीच ग्रॅमच्या आसपास आला. आणि नाण्यावर दोन भाषा आणल्या. पुढे ग्रीक, मागे खरोष्ठी लिपीत प्राकृत. मिनँडरच्या नाण्यावर ग्रीकमध्ये 'त्रात्या राजा मिनँडरचे' असा मजकूर आहे, तोच मागे 'महाराजस त्रतरस मेनंद्रस' असा आहे. दोन्हीकडे षष्ठी विभक्ती. नाणे 'मी अमक्याचे' असे सांगते.

हा मिनँडर म्हणजेच 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथातला, भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा मिलिंद. मराठवाड्याला त्याची ओळख नव्याने करून द्यायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे औरंगाबादचे महाविद्यालय त्याच्या नावाने आहे आणि परिसराचे नाव नागसेनवन आहे. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघेही तिथे शेजारी आहेत.

भडोचच्या बाजारातून

मिनँडरची चांदी आपल्या बाजूला कशी आली, हे इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. 'पेरिप्लस' या त्याच्या मार्गदर्शिकेत बॅरिगाझा म्हणजे भडोचच्या बंदराचे वर्णन आहे. अपोलोडोटस आणि मिनँडर यांचे जुने द्रख्म त्या बाजारात अजून चालतात, अशी नोंद तो करतो. मिनँडर जाऊन तेव्हा जवळपास दोनशे वर्षे झाली होती. राजा गेला, राज्य गेले, पण चांदी चालत राहिली.

याच पुस्तकात भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले धाराशिव जिल्ह्यातले तेर येते. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून कापड गाड्यांमधून भडोचला जाई. लातूरकडून तेरला जाताना मला नेहमी वाटते, की या काळ्या मातीतला कापूस तेव्हाही परदेशी चांदीच्या भावाने मोजला जात होता.

भडोचपासून नाशिक-जुन्नरपर्यंतच्या टापूवर काही काळ क्षहरात घराण्यातल्या नहपान या शक क्षत्रपाची सत्ता होती. त्याने मिनँडरच्या द्रख्माचाच कित्ता गिरवला. साधारण दोन-सव्वादोन ग्रॅम चांदी, पुढे चेहरा, मागे बाण आणि वज्र. मजकूर मात्र तीन लिप्यांत: पुढे ग्रीक, मागे ब्राह्मी आणि खरोष्ठी. माझ्या सात नाण्यांवरची ग्रीक अक्षरे मी भिंग घेऊन एकेक जुळवली, तेव्हा गंमत कळली. लिपी ग्रीक असली तरी भाषा ग्रीक नव्हती. 'रञो छहरातस नहपानस', म्हणजे 'क्षहरात राजा नहपानाचे', हे प्राकृतच ग्रीक अक्षरांत उतरवले होते. त्यातही 'ह'साठी जे अक्षर वापरले आहे, ते ग्रीक लिपीत स्वराचे आहे. 'ह'चा उच्चार त्याला रोमन लिपीत आहे. कोरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रोमची नाणीही असावीत.

म्हणजे मी जी 'ग्रीक' म्हणून घेतली, ती ग्रीक नव्हतीच. ती आपल्याच मुलखातली, बाहेरचा अंगरखा घातलेली नाणी होती. सुरुवातीला मी खट्टू झालो. मग नाशिकला गेलो आणि खट्टूपणा गेला.

लेण्यातले व्याज

मुदखेडहून मनमाडच्या वाटेने नाशिकला जाता येते. तिथल्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात आणि मुलगी दक्षमित्रा यांचे लेख आहेत. तिथे या चांदीचा व्यवहार वाचायला मिळतो.

उषवदाताने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापण गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने; १,००० दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे. आपण हिशेब करून पाहावा: दोन हजारांचे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस भिक्षूंना बारा म्हणजे बरोबर दोनशे चाळीस. एक कार्षापण इकडे नाही की तिकडे नाही. याच लेखात ७०,००० कार्षापणांचे २,००० सुवर्ण, म्हणजे एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण, असा भावही दिला आहे.

लेण्याच्या ओसरीत उभा राहून हे वाचताना खिशातले नाणे मी मुठीत धरले होते. एका भिक्षूचे वर्षाचे वस्त्र अशा बारा नाण्यांत होत असे. संग्राहकाच्या बाजारातला भाव मला माहीत होता. नाण्याची किंमत त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

त्याच डोंगरात सतराव्या क्रमांकाचे लेणे आहे. ते धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त या उत्तरेकडून आलेल्या यवनाने खोदवले. बापाच्या नावात धम्म, मुलाच्या नावात इंद्र आणि अग्नी, आणि ओळख मात्र यवन. नाण्यांप्रमाणे माणसेही आपलीशी होत होती.

जोगलटेंभीचा साठा

आता त्या 'खराब' ठशाकडे येतो. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभी या खेड्यात चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी १३,२५० हून अधिक होती. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासून मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा अहवाल दिला. त्यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर, म्हणजे शंभरातल्या सत्तरांवर, नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसरा ठसा होता: पुढे टेकडीसारखे चैत्याचे चिन्ह, खाली नागमोडी रेघ आणि भोवती 'गौतमीपुत्र श्री सातकर्णी राजाचे' या अर्थाची ब्राह्मी अक्षरे, मागे फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळे, ज्याला उज्जयिनी चिन्ह म्हणतात. उरलेली सगळी निखळ नहपानाची. तिसऱ्या कोणत्याही राजाचे नाणे त्या साठ्यात नव्हते.

गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने, नाशिकच्याच तिसऱ्या लेण्यात आपल्या मुलाचे वर्णन क्षहरातांचा वंश नि:शेष करणारा असे कोरवले आहे. पण आईने केलेल्या कौतुकाला पुरावा किती मानायचा? जोगलटेंभीने तो पुरावा दिला. दोघांच्या मध्ये आणखी कोणी राजा असता, तर त्याची नाणी साठ्यात मिसळली असती. ती नाहीत, म्हणून गौतमीपुत्राने थेट नहपानाचेच राज्य घेतले असे म्हणता येते. त्याने ते चलन वितळवलेही नाही. चांदी तीच, वजन तेच. वरचे नाव तेवढे बदलले. त्याच्या आणि त्याच्या वंशजांच्या काळात सातवाहनांनी स्वतःची चेहऱ्याची चांदीची नाणीही पाडली. त्यांवर ग्रीक अक्षरे नाहीत. दोन्ही बाजूंना ब्राह्मी आहे. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उघडला, तेव्हा त्यात यज्ञ सातकर्णीचे असे एक नाणे मिळाले होते.

आता माझी चूक पाहावी. जोगलटेंभीचा साठा माझ्यासारख्याच्या हाती आधी लागला असता, तर त्याने स्वच्छ चेहऱ्याची चार हजार नाणी निवडली असती आणि नऊ हजार 'खराब' म्हणून मुशीत घातली असती. शंभरात सत्तर हा आकडा राहिला नसता. तिसऱ्या राजाचे नाणे नव्हते, असे छातीठोकपणे सांगता आले नसते. नाणे एकटे असले तर आपले नाव सांगते. इतिहास सांगायला त्याला सोबत्यांसह, सापडले त्या जागेसह यावे लागते.

दाम आणि दमडी

या चांदीचा प्रवास गौतमीपुत्रापाशी थांबला नाही. नहपानानंतरच्या क्षत्रपांनी चेहरा आणि कडेची ग्रीक अक्षरे चालू ठेवली. हळूहळू ती अक्षरे कुणालाच वाचता येईनात, तरी नक्षी म्हणून कोरली जात राहिली. दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून चेहऱ्यामागे शक वर्षाचा आकडा येऊ लागला. त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. दुसऱ्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांना जिंकल्यावर तशाच घडणीची नाणी पाडली. आपल्याकडे त्रैकूटकांनी ती घडण उचलली, मग कलचुरी कृष्णराजाने. अंजनेरीच्या ताम्रपटात आठव्या शतकाच्या सुरुवातीलाही 'कृष्णराज रूपक' या नाण्यांत रकमा सांगितल्या आहेत.

चेहरा मिटला तरी नाव राहिले. द्रख्माचा द्रम्म झाला. भास्कराचार्य ११५० च्या सुमारास 'लीलावती'च्या आरंभी कोष्टक देतात: वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. द्रम्माचा दाम झाला आणि त्यातून दमडी आली. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असे कंजुषाला म्हणणारी आमची आजी नकळत ग्रीक शब्द बोलत होती. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, हा दामदुपटीचा जुना दंडकही त्याच शब्दाच्या आधाराने उभा आहे.

तेरचा धडा

मग जमवूच नये काय? मला तसे वाटत नाही. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्याच गावच्या पांढरीत पावसाळ्यानंतर उघडे पडणारे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती आयुष्यभर गोळा केल्या. आज त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तिथे आहे. त्या संग्रहाचे मोल वस्तूंच्या देखणेपणात जेवढे आहे, तेवढेच तो एका गावाचा आहे यात आहे. फुटका मणीदेखील तेरचा म्हणून बोलतो.

मुदखेड तालुक्याच्या कडेने तीच गोदावरी वाहते, जी नाशिकहून निघून पैठणवरून येते. नांगराला गाडगे लागल्याच्या गोष्टी इथेही कानावर येतात. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवर किमतीचा पुरलेला ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. लोक भितात, म्हणून वस्तू सोनाराकडे जाते. मी गावोगाव एवढेच सांगतो: चिंचेने किंवा राखेने घासू नका, वाटून घेऊ नका, गाडग्यासकट फोटो काढा, मोजा, आणि मग कळवा. मोजणे विसरू नका.

माझी सात नाणी अजून माझ्याकडे आहेत. प्रत्येकाला कागदाचे पाकीट आहे आणि पाकिटावर वजन, चेहऱ्याचे वर्णन, वाचता आलेली अक्षरे लिहिली आहेत. 'कुठे सापडले' या रकान्यात सातही पाकिटांवर एकच ओळ आहे: 'नाशिककडचे म्हणतात. सोबतची नाणी वितळली. मोजली नाहीत.'