कुंडीतली भाजी: आधी भांडं बघा, मग बी पेरा



पावसाळा तोंडावर आला की वस्तीतल्या आरोग्य बैठकीत तापाच्या आणि जुलाबाच्या प्रश्नांबरोबर झाडांचे प्रश्नही येतात. दहा बाय बाराची खोली, दारात हातभर ओटा, वर पत्रा. तरी आपल्या बायका डब्यात मेथी लावतात, पत्र्यावर वेल चढवतात. हे चांगलंच आहे. भाजीची जुडी महागली की ताटातून आधी पालेभाजीच जाते, आणि तीही आधी बाईच्या ताटातून. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त, सुमारे ५४ टक्के, रक्त कमी असलेल्या निघाल्या.

पण आपण भिवंडीत राहतो. इथे काय लावायचं यापेक्षा कशात लावायचं, कुठलं पाणी घालायचं आणि कुठे ठेवायचं, हे आधी बघावं लागतं. नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं देत आहोत.

भंगारवाल्याकडे निळे ड्रम स्वस्त मिळतात. कापून त्यात भाजी लावली तर चालेल का?

नाही. आपल्याकडचे बरेच ड्रम आणि कॅन डाईंग, प्रोसेस किंवा केमिकलच्या गोदामातून आलेले असतात. आत काय होतं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. प्लास्टिक केमिकल शोषून घेतं. दहा वेळा साबणाने धुतलं तरी ते पूर्ण निघत नाही, मातीत हळूहळू उतरत राहतं. अशा ड्रममध्ये भाजी नको आणि पिण्याचं पाणी तर मुळीच नको. कीटकनाशकाचा डबा, रंगाचा डबा, बॅटरीचं खोकं, जुना टायर यांनाही भाजीसाठी हात लावू नका.

मग कशात लावायचं? खाण्याच्या तेलाचा १५ किलोचा डबा, तांदळाची गोणी, फळवाल्याची प्लास्टिकची क्रेट आत बारदान घालून, फुटकी बादली, मातीची कुंडी. तळाला चार-पाच भोकं पाडा. पाणी साचलं की मुळं कुजतात. डब्याची कापलेली कड आत दुमडा, नाहीतर मुलांचे हात कापतात.

आमच्याकडे ऊन दोन-तीन तासच येतं. काय येईल?

टोमॅटो, वांगी, मिरची यांना सहा तास तरी ऊन लागतं. त्यांच्या नादी लागू नका. पालेभाजी तीन-चार तासांच्या उन्हावरही येते. मेथीला वीतभर खोल भांडंही पुरतं, स्वयंपाकघरातलीच मेथी पेरली तरी उगवते आणि तीन-चार आठवड्यांत भाजी होते. मुंबईच्या किनाऱ्यावर वाळूत घेतात ती बारीक समुद्रमेथी तर दोन आठवड्यांच्या आतच काढतात. माठ आणि चवळीचा पाला उन्हाळ्यातही टिकतो. पावसाळ्यात मायाळूचा वेल लावा. एक कांडी खोचली की दोरीवरून पत्र्यावर जातो. मोरीजवळच्या ओलसर सावलीत अळू आणि पुदिना येतो, फक्त तिथे स्वच्छ पाणी पडतं की साबणाचं, ते बघा. अळू कच्चं खाऊ नका. चिंच घालून नीट शिजवा, नाहीतर घसा खाजतो.

नाल्याच्या पाण्यावर झाड जोमाने वाढतं. मग ते का घालू नये?

जोमाने वाढतं कारण त्यात मैला असतो. त्याच पाण्यातून जंताची अंडी आणि टायफॉइड, जुलाबाचे जंतू पानावर येतात. जंतांमुळे मुलांचं रक्त कमी होतं, म्हणजे रक्त वाढावं म्हणून लावलेली भाजीच रक्त घटवते. शिवाय आपल्या नाल्यांत आणि कामवारी नदीत कारखान्यांचं रंगाचं पाणी मिसळतं. त्यातले शिसं, कॅडमियमसारखे जड धातू पालेभाजी मुळातून ओढून घेते. ते धुवून जात नाहीत, शिजवूनही जात नाहीत. मुंबईत रेल्वे रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या भाजीबद्दलची ओरड याच कारणाने होते. नाल्याकाठची मातीही कुंडीत आणू नका.

नळाचं पाणी एक दिवसाआड येत असेल तर तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी झाडांना घाला. साबणाचं आणि मिठाचं नको. बोट मातीत दोन पेरं खुपसा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी घालू नका. कुंडीतली बरीच झाडं जास्त पाण्यानेच मरतात.

खत विकत घ्यावं लागेल का?

गरज नाही. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’च्या माध्यमातून दाखवून दिलं की घरातला ओला कचरा आणि वाळलेला पाला यांतूनच गच्चीवर माती तयार होते. त्याच वाटेने मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर बाग उभी केली. आपल्याला एक भोकाचा डबा पुरे. एक थर भाजीची देठं, त्यावर दोन थर वाळलेला पाला, वर मूठभर माती. शिजलेलं अन्न आणि मटण-मासळीचं उरलंसुरलं घालू नका, उंदीर येतात. दोन-तीन महिन्यांत काळं, मातीचा वास येणारं खत मिळतं.

कुंड्यांमुळे डेंग्यू होतो, असं शेजारी म्हणतात. खरं आहे का?

कुंडीमुळे होत नाही, तिच्याखालच्या बशीतल्या पाण्यामुळे होतो. डेंग्यूचा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतो. बशी, मनी प्लांटची बाटली, पाण्याचा उघडा ड्रम ही त्याची घरं. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आठवड्यातून एकदा भांडं घासायचं. बशीत वाळू भरा म्हणजे पाणी साचणार नाही. ड्रमला कापड घट्ट बांधा. कापडाच्या गावात चिंध्यांना तोटा नाही.

पानं चिकट होतात, मागे पांढरी कीड दिसते. कुठलं औषध मारू?

दुकानातलं विषारी औषध एवढ्याशा घरात आणूच नका. पोर ती बाटली कधी तोंडाला लावेल, सांगता येत नाही. एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा कडुनिंबाचं तेल आणि दोन-चार थेंब भांड्याचा साबण नीट ढवळा. संध्याकाळी पानांच्या मागच्या बाजूला फवारा. आठवड्याने पुन्हा फवारा. खाण्याआधी पानं चांगली धुवा.

ही भाजी खाऊन रक्त वाढेल का?

मदत होईल, पण एका कुंडीच्या भरवशावर राहू नका. तीन आठवड्यांत एका घराची एक-दोन वेळची भाजी निघते. पालेभाजीतलं लोह शरीराला कमी लागू पडतं. वर लिंबू पिळलं की जास्त लागू पडतं आणि जेवणाबरोबर चहा घेतला की अडतं. चहा तासभराने घ्या. धाप लागते, डोळ्यांच्या आत फिकट दिसतं, चालताना चक्कर येते, अशा बाईने आधी हिमोग्लोबिन तपासावं. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. गरोदरपणात रोज एक याप्रमाणे १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस घ्यायच्या. शौच काळी झाली तर घाबरू नका, ते गोळीमुळेच होतं.

घराच्या भिंतीत पिंपळ उगवलाय. बोधिवृक्ष म्हणून उपटवत नाही. काय करावं?

हा प्रश्न आपल्याच घरांत येतो. भावना आम्ही समजतो, पण पिंपळाचं मूळ विटांच्या सांध्यात शिरतं आणि भिंत फाकते. २१ सप्टेंबर २०२० ला पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पहाटे कोसळली आणि तीसहून जास्त माणसं गेली. तिचा पिंपळाशी संबंध जोडायचा नाही, पण कमकुवत भिंत काय करते हे भिवंडीला वेगळं सांगायला नको.

पिंपळ दुसरीकडे लावणं म्हणजे त्याचा अपमान नव्हे. बोधगयेच्या वृक्षाची फांदी संघमित्रेने श्रीलंकेत नेली, ती अनुराधापूरला वाढली. तिथून भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणलेल्या रोपांतून दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष उभा राहिला. तेव्हा रोप वीतभर आहे तोवरच, पावसाळ्यात फट भिजवून मुळासकट काढा, पिशवीत जगवा आणि भिंतीपासून व पाइपलाइनपासून लांब, विहाराच्या किंवा शाळेच्या मोकळ्या जागेत लावा. फट सिमेंटने बुजवा. झाड मोठं झालं असेल तर स्वतः कुऱ्हाड चालवू नका. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते. तसा अर्ज द्या आणि पोच घ्या.

येत्या रविवारी घरात तीन गोष्टी बघा. भाजी किंवा पाणी केमिकलच्या ड्रममध्ये आहे का, कुठल्या बशीत पाणी साचलंय आणि भिंतीच्या फटीत काही उगवलंय का. मग मेथी पेरायला घ्या.