जुनी गाडी पाणी पीत नाही

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतमधल्या कुठल्याही गॅरेजसमोर उन्हाळ्यात थोडा वेळ थांबलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "जुनी गाडी आहे, थोडं पाणी पिणारच." पुण्याहून घेतलेली एमएच १२ पासिंगची गाडी, डिकीत पाच लिटरचा कॅन आणि दर दोन दिवसांनी बोनेट उघडून पाणी ओतणारा मालक. हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही बिघाड आहे असं कुणाला वाटतच नाही. पुढे कधीतरी तीच गाडी हिसके मारायला लागते, सिग्नलला उभी असताना रेस आपोआप चढते-उतरते आणि निदान होतं, "गिअरबॉक्स गेला." अनेकदा ही दोन्ही निदानं चुकीची असतात आणि दुसरी चूक पहिलीच्याच पोटी जन्मलेली असते.

इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा बंदिस्त असते. तापलेलं कूलंट फुगतं, वाढीव तेवढं बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत जातं आणि इंजिन गार झालं की परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. कित्येक महिन्यांत बाटलीतली पातळी बोटभर उतरली तर समजू शकतं. आठवड्याला लिटरभर कमी होत असेल तर ते कुठूनतरी गळतंय किंवा इंजिनात जळतंय. वयाचा दोष इतकाच की रबर आणि प्लॅस्टिक जुनं झालं की आधी तिथून गळती लागते. ती शोधता येते आणि बहुतेक वेळा स्वस्तात बंदही करता येते.

याच्या जोडीला दुसरा युक्तिवाद तयारच असतो: "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? कूलंट कशाला, बोअरचं पाणी टाक." ही सवय अ‍ॅम्बॅसेडरच्या जमान्यातली. तिच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेडही बिडाचं आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा. साध्या पाण्यावर ती वर्षानुवर्षं चालली, हे खरंच आहे. नंतरच्या गाड्यांत हेड अ‍ॅल्युमिनियमचं आलं, रेडिएटरही अ‍ॅल्युमिनियमचा झाला आणि त्याच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. सवय मात्र तीच राहिली.

उष्णता वाहून नेण्यात नुसतं पाणी कूलंटच्या मिश्रणापेक्षा सरस असतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण कूलंटचं काम न गोठण्यापुरतं नाही. त्यातली गंजरोधक रसायनं अ‍ॅल्युमिनियम, बीड आणि डाग दिलेले सांधे एकाच वेळी सांभाळतात. बोअरच्या पाण्यात ती नसतात, वर क्षार असतात. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम ठेवतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत सूट देतं. म्हणजे पिण्याला चालणारं पाणीसुद्धा इंजिनात पांढरा थर धरू शकतं. यंत्रणेत एकदाच भरलेलं पाणी एकदाच क्षार सोडतं. रोज ओतलं जाणारं पाणी रोज नवे क्षार आणतं. पाणी 'पिणारी' गाडी म्हणूनच लवकर चोंदते.

उकळण्याचा मुद्दाही आहे. कर्जत समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे. उघड्या भांड्यातलं पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं आणि चालत्या इंजिनातलं तापमान सहज ९० ते १०० च्या घरात असतं. गाडी वाचते ती रेडिएटरच्या झाकणामुळे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा ठोकलेला असतो. तेवढा दाब धरून ठेवायचा, हे झाकणाचं काम. प्रेशर कुकरसारखंच, ०.९ च्या दाबाखाली पाणी ११८ अंशांपर्यंत उकळत नाही आणि कूलंट-पाण्याचं निम्मं-निम्मं मिश्रण असेल तर आणखी आठ-दहा अंशांची सवड मिळते. झाकणाचं रबर चिरलं की ही सगळी सवड जाते. मग गळीत हंगामात राशीनकडे जाताना उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगणारी गाडी उकळते आणि दोष मात्र इंजिनाला दिला जातो. झाकण बदलणं हे सगळ्यात स्वस्त काम आणि नेमकं तेच सगळ्यात शेवटी आठवतं.

गळती शोधताना इंजिन थंड हवं. रेडिएटरच्या तोंडावर हातपंपाने दाब देऊन ठेवायचा आणि काटा उतरतो का ते पाहायचं. उतरला तर होजच्या क्लिपा, रेडिएटरची प्लॅस्टिक टाकी आणि अ‍ॅल्युमिनियमची जाळी यांमधला सांधा, केबिनच्या हीटरकडे जाणारे पाइप तपासायचे. वॉटर पंपाच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून थेंब येतो आणि गरम धातूवर लगेच सुकतो. खाली जमिनीवर काहीच दिसत नाही, भोकाखाली फक्त पांढरट किंवा हिरवट ओघळ उरतो. टॉर्च लावून तो पाहावा लागतो. बाहेर कुठेच काही सापडलं नाही तर संशय हेड गॅसकेटवर: गाडी सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल, एकच स्पार्क प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून दोन मिनिटं निघणारी पांढरी वाफ यात मोजायची नाही. इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला तर मोजायचा.

आता हिसक्यांकडे. मॅन्युअल गाडीच्या गिअरबॉक्सचा आणि रेडिएटरचा काहीही संबंध नसतो. पण इंजिनाच्या मेंदूचा, म्हणजे ईसीएमचा, कूलंटशी घट्ट संबंध असतो. इंजिन थंड आहे की गरम, हे त्याला कूलंटमध्ये बुडालेल्या सेन्सरकडून कळतं. पातळी उतरून सेन्सरभोवती हवेचा फुगा अडकला की भलतेच आकडे जातात आणि ईसीएम कधी पेट्रोल वाढवतो, कधी कमी करतो. जुन्या गाड्यांतल्या बऱ्याच जपानी घडणीच्या पेट्रोल इंजिनांत आणखी एक गोष्ट असते: थंड इंजिनाला जास्त हवा देणारी झडप. ती बंद होते गरम कूलंटच्या उबेने. कूलंट तिथवर पोचलंच नाही तर झडप उघडीच राहते आणि रेस चढते. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही आणि रेस तर जास्त, म्हणजे गाडी उतारावर आहे, असं समजून ईसीएम पेट्रोल तोडतो. रेस पडते, पेट्रोल परत सुरू होतं, रेस परत चढते. मिस्त्री याला 'हंटिंग' म्हणतात. यात गिअरबॉक्सचा दात न् दात शाबूत असतो.

ओळखायला सोपं आहे. गाडी न्यूट्रलला ठेवा. उभ्या गाडीतही रेस खालीवर होत असेल तर गिअरबॉक्स निर्दोष. चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट पाहा. एवढं न करता गिअरबॉक्स उतरवून मालकाचे हजारो रुपये घालवणं हा अन्याय आहे, आणि तो रोज होतो.

अपवाद एकच, पण गंभीर. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल रेडिएटरच्या टाकीतच बसवलेल्या कूलरमधून फिरतं. तो आतून फुटला की कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळतात, क्लचच्या प्लेटा सुटू लागतात आणि गाडी खरोखर हेलकावे खाते. अमेरिकेत निस्सानच्या २००५ ते २०१० च्या पाथफाइंडर, एक्सटेरा आणि फ्रंटियर गाड्यांत हे इतक्या जणांना भोवलं की प्रकरण न्यायालयात गेलं आणि कंपनीला वॉरंटी वाढवून द्यावी लागली. अशा गाडीच्या ऑइलला गुलाबी दुधासारखा रंग दिसला तर ती चालवत गॅरेजला न्यायची नाही, टो करूनच न्यायची. एएमटी गाड्यांना हा धोका नाही. तो साधाच गिअरबॉक्स असतो, गिअर टाकायला फक्त यंत्राचा हात लावलेला.

"थर्मोस्टॅट थंड देशांसाठी असतो, काढून टाक," हाही सल्ला सर्रास दिला जातो. थर्मोस्टॅट काढला की इंजिन लवकर तापत नाही, ईसीएम जास्त पेट्रोल ओतत राहतो आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट बायपासचं तोंडही बंद करतो, तिथे तो काढल्यावर पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाताच फिरतो. थंड राहावी म्हणून केलेल्या उपायाने गाडी जास्त तापते.

रेडिएटरमध्ये हळद टाकल्याने बारीक भोक तात्पुरतं बुजतं, आणि जाळीतल्या अरुंद नळ्याही बुजतात. कूलंटचा हिरवा, लाल, निळा रंग हा नुसता रंग आहे. डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ लिहिलंय का आणि गाडीच्या पुस्तिकेशी जुळतं का, ते वाचावं. तापमानाचा काटा खाली आला म्हणजे इंजिन गार झालं असं नाही. कूलंट संपून सेन्सर कोरडा पडला तरी तो खाली येतो. उकळलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड वाकतं, आणि गरम झाकण उघडलं तर तोंड भाजतं. जुनं कूलंट गटारीत ओतू नये: एथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री ते चाटतात आणि मरतात.

गळती बंद केल्यावर डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटचं मिश्रण भरावं. थंड इंजिन झाकण उघडं ठेवून सुरू करावं आणि फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू द्यावं, म्हणजे अडकलेली हवा निघते. त्यानंतर झाकण लावावं. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, बाटलीतली पातळी पाहावी आणि मार्करने खूण करावी. आठवडाभर खूण जागेवर राहिली आणि तरीही चालत्या गाडीत हिसके येत असतील, तर गिअरबॉक्सचा विषय तेव्हा काढावा.