लंडन–सिडनी हवाई मार्ग
लंडन–सिडनी हवाई मार्ग : यूरोप व ऑस्ट्रेलिया या खंडांना जोडणारा एक अतिदीर्घ हवाई मार्ग. या दोन शहरांमधील बृहद्वृत्तीय अंतर, म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठावरून मोजलेले लघुतम अंतर, सु. १७,००० किमी. आहे. पृथ्वीवरील कोणत्याही दोन स्थळांमधील असे अंतर सु. २०,००० किमी.पेक्षा अधिक असू शकत नाही, यावरून या मार्गाच्या लांबीची कल्पना येते. अंतर स्थिर असले, तरी प्रवासास लागणारा काळ विमानाचा पल्ला, थांबे, वारे व वाटेतील देशांची राजकीय परिस्थिती यांनुसार बदलत आला आहे.

रॉस व कीथ स्मिथ हे बंधू दोन यंत्रज्ञांसह १२ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनजवळील हाउन्स्लो येथून निघाले व २८ दिवसांनी डार्विनला पोहोचले. १ डिसेंबर १९४७ रोजी क्वांटास कंपनीने सिडनी–लंडन सेवा सुरू केली. तिचे कॉन्स्टेलेशन विमान डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो व ट्रिपोली येथे थांबत असे. प्रत्यक्ष उड्डाण सु. ५५ तासांचे असूनही थांबे व मुक्काम यांमुळे प्रवासास चार दिवस लागत.

जेट विमानाच्या ताशी सु. ९०० किमी. वेगाने हे अंतर १९ तासांत कापता येते. अडचण वेगाची नसून वजनाची आहे. प्रवासाच्या अखेरीस लागणारे इंधनही आरंभापासून वाहून न्यावे लागते आणि ते वाहण्यासाठीच आणखी इंधन जळते. परिणामी प्रवासी व माल कमी करावे लागतात. ऑगस्ट १९८९ मध्ये एक बोइंग ७४७–४०० विमान लंडनहून २० तास ९ मिनिटांत विनाथांबा सिडनीला गेले. पण त्यात भाडे भरणारे प्रवासी नव्हते आणि इंधन वाचविण्यासाठी ते धावपट्टीपर्यंत ओढून नेण्यात आले होते. या मार्गावरील विनाथांबा सेवेसाठी क्वांटासने २०२२ मध्ये एअरबस ए ३५०–१००० जातीची १२ विमाने मागविली. त्यांत प्रत्येकी २३८ आसनेच ठेवण्याचे योजले गेले.

मध्य अक्षांशांत उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोतवारे वाहतात. त्यामुळे लंडनकडे येणाऱ्या विमानास सामान्यतः अधिक वेळ व इंधन लागते. पर्थ–लंडन या १४,४९८ किमी.च्या मार्गावर मार्च २०१८ मध्ये विनाथांबा सेवा सुरू झाली. एप्रिल २०२४ मध्ये इराणवरील आकाश टाळावे लागले, तेव्हा लंडनकडे जाणाऱ्या विमानांना इंधनासाठी सिंगापूरला उतरावे लागले. परतीची विमाने मात्र अनुकूल वाऱ्यामुळे न थांबता पर्थला पोहोचू शकली.

वेळापत्रकातील वेळा स्थानिक असतात. सिडनीचे घड्याळ लंडनच्या पुढे ऋतुमानानुसार ९ ते ११ तास असते. हा फरक १० तासांचा असताना २४ तासांचा प्रवास लंडनहून जाताना घड्याळात ३४ तासांचा, तर परतताना १४ तासांचा दिसतो. म्हणून दोन शहरांमधील प्रवासकाल काढताना सुटण्याची व पोहोचण्याची वेळ प्रथम एकाच प्रमाणवेळेत आणावी लागते.